साडूभाऊंचा अंदाज

स्कॉटलंडच्या डोंगरांत बावीस वर्षं नेमाने हरणांच्या शिकारीला जाऊन एकदाही बंदुकीला हात न लावलेला माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. हे मी अभिमानाने सांगतोय की तक्रारीच्या सुरात, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. बंदूक राहू द्या, साडूभाऊ हरीण खातसुद्धा नाहीत. अंड्याच्या पुढे त्यांची मजल गेलेली नाही, आणि अंडंही "केकमध्ये असतं तेवढंच" अशी स्वतःची समजूत घालून खातात. मग हा गृहस्थ दर ऑक्टोबरात पाठीवर भलं मोठं बोचकं घेऊन, चिखल तुडवत, तीन धिप्पाड स्कॉटिश शिकाऱ्यांच्या मागून डोंगर कशासाठी चढतो? तर कचऱ्यासाठी. शिकारी हरणांच्या मागे असतात आणि साडूभाऊ शिकाऱ्यांच्या मागे. कोणी चॉकलेटचा कागद सोडला, की तो जमिनीला टेकायच्या आत यांच्या खिशात जातो. "ज्याची त्याची शिकार वेगळी," असं ते म्हणतात, आणि त्यांच्या मते त्यांचा नेम आजवर एकदाही चुकलेला नाही.

साडू हे नातंच मोठं गमतीचं. त्यात आपण स्वतः काहीच केलेलं नसतं. दोन बहिणी आपापली लग्नं करतात आणि दोन परक्या पुरुषांना जन्मभर शेजारी शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यावे लागतात. त्यांची बायको थोरली, माझी धाकटी. ते एडिनबराला, आम्ही नॉटिंगहॅमला. ते एका हॉस्पिटलच्या बॉयलरांचे इंजिनियर होते, आता रिटायर झालेत; मी दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत अजून गोळ्या मोजतोय. त्यांना मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको, म्हणजे आमची ताई, गेली, आणि तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय आहे: साडूभाऊंना नॉटिंगहॅमला आणायचं. मागची छोटी खोली रिकामी झाली, पलंग आला, पडदेही लागले. दर रविवारी फोन ठेवल्यावर बायको म्हणते, "एकटे काय खात असतील भाऊजी, कोण जाणे," आणि माझ्याकडे अशी बघते, जसं काही त्यांना उपाशी मीच ठेवलंय. साडूभाऊ दर रविवारी म्हणतात, "बघू." त्यांच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असा असतो, हे आमच्या डोक्यात शिरायला दीड वर्ष गेलं.

ते शिकाऱ्यांत कसे जाऊन पडले, त्याची हकिगत ताई फार रंगवून सांगायची. हॉस्पिटलमध्ये ईअन नावाचा एक टेक्निशियन त्यांचा दोस्त होता. त्याच्या टोळक्यातला चौथा माणूस आयत्या वेळी गळाला, तेव्हा ईअनने यांना विचारलं, "डिअर स्टॉकिंगला येतोस का?" साडूभाऊंना वाटलं, स्टॉकिंग म्हणजे हरणांच्या मागे मागे जाऊन त्यांना लांबून बघणं. ते दुर्बीण, पक्ष्यांचं पुस्तक आणि ताईने दिलेले बेसनाचे लाडू घेऊन निघाले. गाडीच्या डिकीत बंदुका दिसल्या तेव्हा गाडी शहराबाहेर खूप लांब पोचली होती. "उतरतो म्हणालो असतो, पण पाऊस होता," एवढंच त्यांचं त्यावरचं स्पष्टीकरण. मुक्काम होता मेंढपाळाच्या एका जुन्या दगडी खोपटात. तिकडे त्याला 'बॉथी' म्हणतात. वीज नाही, नळ नाही. एक चूल, चार फळ्या आणि मागे ओढा. तिथे साडूभाऊंनी ते जेवण पहिल्यांदा पाहिलं.

ते जेवण म्हणजे गोठवून वाळवलेलं अन्न. पाकिटावर वाफाळत्या रश्श्याचा असा फोटो, की तोंडाला पाणी सुटावं. आत लाकडाच्या भुशाला लाजवेल असं काहीतरी. त्यात उकळतं पाणी ओतायचं, दहा मिनिटं कळ काढायची, मग लांब चमचा घालून पाकिटातूनच खायचं. दिवसभर डोंगर चढून आलेला माणूस दहा मिनिटं कसली कळ काढतोय. चौथ्या मिनिटाला चमचा आत. मग वरचं ओलं, खालचं कुरकुरीत, आणि कोपऱ्यांतल्या गोळ्यांना चमचा पोचतच नाही. शिवाय भुकेल्या माणसाला एक पाकीट पुरत नाही आणि दोन संपत नाहीत. म्हणजे दुसरं फोडायचं, चार घास खायचे आणि उरलेलं पाकिटासकट चुलीत. पण त्या पाकिटांना आतून चांदीसारखा पत्रा असतो, तो जळत नाही. तो काळा होऊन राखेत राहतो. मग राख खोपटामागच्या खड्ड्यात, खड्डा कोल्ह्यांनी उकरायचा, आणि डोंगरभर चकचकाट. दुसऱ्या दिवशी तिघं हरणामागे गेले आणि साडूभाऊंनी फावडं घेऊन तो खड्डा उपसला. संध्याकाळी ईअन हरीण ओढत आला, तर दारात या गृहस्थाने कित्येक वर्षांची पाकिटं धुऊन, घड्या घालून, गठ्ठे बांधून ठेवलेले. त्या वर्षी डोंगरावरून दोन ओझी खाली आली, आणि ईअन शपथेवर सांगतो की हरीण हलकं होतं. "आम्ही इथे मारायला येतो, हा झाडायला येतो," असं तो तेव्हा म्हणाला, आणि पुढच्या वर्षीचं आमंत्रण तिथल्या तिथे देऊन टाकलं.

दुसरा कोणी असता तर पर्यावरणावर भाषण ठोकून मोकळा झाला असता. साडूभाऊ बॉयलरवाले. गळती दिसली की ते नळी कुठे सैल आहे ते बघतात. त्यांनी एक अख्खी सहल कोपऱ्यात बसून फक्त दुसऱ्यांची तोंडं बघितली. ईअन पहिले दोन दिवस राक्षसासारखा खातो आणि तिसऱ्या दिवशी त्याची भूक निम्म्यावर येते. दुसरा मटार वेचून बाजूला काढतो. तिसरा म्हणतो "मला काही नको" आणि मग सगळ्यांच्या पाकिटांत चमचा घालतो. घरी येऊन त्यांनी ताईला सांगितलं, "कचरा पाकिटात नसतो, अंदाजात असतो." पुढच्या वर्षीपासून निघायच्या आधी स्वयंपाकघरात विकतची सगळी पाकिटं फोडली जाऊ लागली. मटार काढून ईअनच्या वाट्यात, 'नको' म्हणणाऱ्याला पावपट जास्त, तिसऱ्या दिवशी सगळ्यांचं कमी. आम्ही फार्मसीत म्हाताऱ्यांसाठी वारावाराच्या गोळ्यांची डबी भरतो, तसे यांचे माणसागणिक, दिवसागणिक वाटे. डोंगरावर पाकिटातून खायला बंदी, एकाच पातेल्यात शिजवायचं, ज्याने त्याने आपला वाडगा आणायचा. आणि घरून आणलेला कायदा: पानात टाकायचं नाही. हा कायदा त्यांनी इंग्रजीत केला, "नो थ्रोइंग इन द प्लेट." त्या तिघांनी तो मुकाट्याने पाळला, पण भारतात जेवताना ताटं फेकून मारायची पद्धत असावी, असा त्यांचा बरीच वर्षं समज होता.

रिकाम्या पाकिटांचं काय, तर ती उलटी करून धुवायची, वाळवायची आणि पुन्हा भरायची. एकेक पाकीट सहा-सहा वर्षं डोंगर चढून आलेलं आहे. त्यांच्या इमारतीच्या मागे सगळ्यांची मिळून एक हिरवळ आहे, तिथे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत. शेजाऱ्यांच्या दोऱ्यांवर चादरी आणि मोजे. यांच्या दोरीवर तीस-चाळीस चंदेरी पाकिटं, चिमट्यांना लटकून वाऱ्यावर खुळखुळतायत. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी एकदा ताईला मोठ्या अदबीने विचारलं, "आज तुमचा काही सण आहे का?" ताई म्हणाली, "हो, दर रविवारी असतो." त्या बाई पुढे कित्येक वर्षं जिन्यात भेटल्या की साडूभाऊंना सणाच्या शुभेच्छा द्यायच्या, आणि साडूभाऊ त्या घ्यायचे.

खरी क्रांती मात्र ताईने केली. एकदा तिने ते विकतचं पाकीट हातात घेऊन, वास घेऊन, परत ठेवलं आणि म्हणाली, "हे काय, थंडीतलं वाळवण तर आहे. विकत कशाला आणता? मी देते करून." एडिनबरात वाळवण म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट. ऊन आठवड्यातून पाऊण तास, तेही कोणाला न सांगता येतं. खिडकीत घातलेला पहिला भात सीगल पक्ष्यांनी खाल्ला. मग गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या जागी, ताटंच्या ताटं लागली. तेव्हा त्या घरातल्या टॉवेलांना आमटीचा वास यायचा. शेवटी एक जुनं वाळवण-यंत्र आलं, घरघर करत दिवसभर चालणारं. ताई शिजवायची, साडूभाऊ वाळवायचे. खिचडी, आमटी-भात, बटाट्याची भाजी, आणि पिठलं तर जन्मतःच कोरडं. ईअनला पिठलं म्हणता येत नाही. तिकडे पिटलॉक्री नावाचं गाव आहे, तो तेच म्हणतो, आणि दोन दिवस झाले की विचारतो, "आज पिटलॉक्री नाही का?" पातेल्याच्या बुडाला चिकटलेली खरवड कोणाची, यावरून ते तीन साठीचे दांडगे शिकारी नाणं उडवतात. 'खरवड' हा एकच मराठी शब्द त्यांना नीट येतो. ताईला याचा केवढा आनंद होता. ती स्वतः एकदाही डोंगरावर गेली नाही. "तिकडे माझं काय काम? माझं जेवण जातंय ना," म्हणायची.

एका वर्षी दिवाळी नेमकी सहलीत आली. नवऱ्याचं अभ्यंगस्नान चुकू नये म्हणून ताईने उटणं दिलं, आणि द्यायला दुसरं काय, तर धुतलेलं पाकीट. बाहेर छापलेलं 'बीफ स्ट्यू', वर चिठ्ठी मराठीत. मटार न खाणाऱ्या गड्याने दुपारी एकट्यानेच ते उघडलं, उकळतं पाणी ओतलं, दहा मिनिटं शिस्तीत थांबला आणि खाल्लं. पाच-सहा चमचे खाल्ले. साडूभाऊ ओढ्यावरून आले तेव्हा तो म्हणाला, "जरा मातकट आहे, पण वास सुंदर." साडूभाऊंनी त्याला बसवून चूळ भरायला लावली आणि पोटात काय काय गेलं ते विचारायला डोंगर चढून, सिग्नल शोधून, मला फोन केला. मी फार्मासिस्ट असल्याचा माझ्या सासुरवाडीच्या माणसांना झालेला तो एकमेव उपयोग. माणूस ठणठणीत राहिला. पण त्याच्या श्वासाला कापूरकाचरीचा असा घमघमाट सुटला, की हरणांना तो अर्ध्या मैलावरून कळायचा, आणि दोन दिवस एकही हरीण जवळ आलं नाही. तेव्हापासून प्रत्येक पाकिटावर दोनपैकी एक चिठ्ठी असते: 'खाण्याचं' किंवा 'न खाण्याचं'. मराठीतही आणि इंग्रजीतही.

तर असा हा माणूस, आणि त्याला नॉटिंगहॅमला आणायची कामगिरी या ऑक्टोबरात माझ्यावर आली. "फोनवर ते ऐकत नाहीत. तू त्यांच्याबरोबर डोंगरावर जा, चार दिवस सोबत राहा आणि घेऊनच ये," असं बायकोने सांगितलं. मी म्हणालो, मला चालायचा कंटाळा आहे, बंदुकीचा आवाज सोसत नाही आणि थंडीत माझे कान दुखतात. तिने माझ्यासाठी बूट आणले. सुपरमार्केटच्या दारापासून गाडीपर्यंत चालणं हा माझा व्यायाम, आणि मला चिखलातून नऊ मैल चालवलं. वाटेत मी तीनदा बसलो. साडूभाऊ माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे, ते दर वेळी माझ्याजवळ थांबायचे, मी खाल्लेल्या बिस्किटाचा कागद मागून घ्यायचे आणि पुढे व्हायचे. दम लागलेल्या माणसाला नॉटिंगहॅमचे फायदे सांगता येत नाहीत, त्यामुळे पहिला दिवस तसाच गेला. पुढचे दोन दिवस माझे पाय दुखत होते म्हणून गेले.

चौथ्या दिवशी दुपारी ती गोष्ट घडली. तिघं हरीण घेऊन लवकर परतले होते, भिजलेले, खूश आणि भुकेले. ईअनने येता येताच विचारलं, "पिटलॉक्री?" साडूभाऊंनी चुलीवर पाणी ठेवलं, बोचक्यात हात घातला आणि हात आतच राहिला. त्यांनी बोचकं उलटं केलं. एक पाकीट पडलं. एकाचं. अजून दीड दिवस बाकी होता आणि माणसं पाच. बावीस वर्षांत हे झालेलं नव्हतं. उलट गेली दोन वर्षं त्यांनी इतकं आणलं होतं, की ईअनने "पलटण यायची आहे का?" असं विचारलं होतं. मला वाटलं, माझ्यामुळे कमी पडलं. पाचव्या तोंडाचा हिशेब राहिला. पण ते म्हणाले, "नाही, तुमचं धरलं होतं. एकूणच कमी झालंय, निघतानाच मला माहीत होतं. वाटलं, निभेल." ईअनने आपल्या पिशवीच्या तळातून विकतची पाकिटं काढली, आम्ही ती खाल्ली, आणि त्या तिघांनी रिकामी पाकिटं नीट पुसून, घड्या घालून साडूभाऊंच्या हातात दिली. पुढच्या दिवसाचंही निघेल, काळजी करू नकोस, असं ईअन दोनदा म्हणाला. साडूभाऊंनी मान हलवली, पातेलं घेतलं आणि ओढ्यावर गेले. पातेल्यात त्या दिवशी काही शिजलंच नव्हतं.

मी मागोमाग गेलो. ते स्वच्छ पातेलं घासत बसले होते. मी म्हणालो, "साडूभाऊ, एखाद्या वर्षी चुकतो माणसाचा अंदाज."

"चुकला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "बरोबर यायला लागलाय, तीच तर पंचाईत आहे."

मला काही कळलं नाही, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्यांनी पातेलं खाली ठेवलं.

"ती गेल्यावर स्वयंपाक मी करायला लागलो," ते म्हणाले. "करता येतो, तिच्याकडूनच शिकलो शेवटच्या आजारात. पण हाताला दोघांची सवय. तांदळाच्या डब्यात वाटी घातली, की दोन वाट्या निघायच्या. रोज. कुकर उघडला की कळायचं, अरे, तिचाही केलाय. आता टाकणार कसा? आणि खाणार तरी कसा, दोघांचा मी एकटा? मग वाळवायचो. रोज तिच्या वाटचं वाळवायचो आणि पाकिटात भरायचो. ही तिघं दोन वर्षं जे खातायत ना, पलटणीचं म्हणून, ते सगळं तिच्या वाटचं होतं. त्यांना सांगितलेलं नाही. सांगू नका."

मी नव्या बुटाने काठावरचा एक खडा पाण्यात ढकलला.

"आणि या जूनपासून हात एका वाटीवर थांबायला लागला. मी ठरवून केलं नाही हो. एक दिवस कुकर उघडला तर बरोबर एकाचा भात. कण जास्त नाही. ती गेली तेव्हा मी रडलो नाही. तेव्हा माणसं होती घरात, कागदपत्रं होती. त्या दिवशी त्या कुकरपुढे उभा राहून रडलो. मग काही उरेना, मग वाळवायला काही नाही, मग पाकिटं कुठून येणार?"

"मग या लोकांसाठी म्हणून वेगळं शिजवायचं होतं," मी म्हणालो. मी असली शहाणपणाची वाक्यं नको तेव्हा बोलतो, हे बायकोचं म्हणणं खरं आहे.

"शिजवलं, जमलं तेवढं. तेच खाल्लंत चार दिवस. पण ते यांच्यासाठी शिजवलेलं. ते वेगळं." त्यांनी पातेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुम्ही कशाला आलात, ते मला ठाऊक आहे. तुमचे बूट नवे आहेत. तिला वाटतं मी उपाशी असेन. तिचं बरोबर आहे, बहीण आहे ती. पण तिकडे आलो, की मला आयतं ताट मिळणार. तुमच्या घरच्या अंदाजात मी एक वाढीव माणूस. तांदळाच्या डब्यात हात घालायचं मला कारणच उरणार नाही. इथे अजून महिना-दीड महिन्यातून एकदा हात चुकतो. दोन वाट्या निघतात. तो चुकावा म्हणून मी तिथे राहतो, बाकी काही नाही."

नॉटिंगहॅमची बस, नॉटिंगहॅमचं गणेश मंडळ, दोन मिनिटांवरचा डॉक्टर, नवा पलंग, सगळं मी पाठ करून आलो होतो. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि घासलेलं पातेलं विसळलं.

खाली उतरल्यावर त्यांनी मला एडिनबराच्या स्टेशनवर पोचवलं. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी एक चंदेरी पाकीट काढलं. चिठ्ठी होती, 'खाण्याचं'. "हे गेल्या महिन्यातलं. हात चुकला होता," ते म्हणाले. "डोंगरावर न्यायला हवं होतं, नेलं नाही. हे तिच्या बहिणीला द्या. आणि सांगा, मी जेवतो."

घरी पोचलो तर बायको दारातच उभी. माझ्या मागे कोणी नाही हे बघून तिने आधी मला फैलावर घेतलं. एवढा मोठा माणूस, एवढं साधं काम जमलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, पण तिला पटेना. "हे सगळं एकटेपणाने होतं. म्हणून तर इथे आणायचं," असं ती म्हणत राहिली. शेवटी मी पाकीट तिच्यासमोर ठेवलं. कोणाच्या वाटचं, ते सांगितलं. तिने पाणी उकळलं, ओतलं, आणि घड्याळ न बघता पूर्ण दहा मिनिटं टेबलाशी बसून राहिली. मुगाची खिचडी होती. तिने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग चमचा तसाच धरून म्हणाली, "मीठ नाहीये."

"विसरले असतील," मी म्हणालो.

"विसरले नाहीत," ती म्हणाली. "ताईला बीपी होतं. शेवटची दहा वर्षं ती मीठ घालून खातच नव्हती."

मी मिठाची बाटली तिच्याकडे सरकवली होती. तिने ती हाताने बाजूला केली आणि खिचडी होती तशीच, सावकाश, सगळी खाल्ली.